निल : १९६५ची चूक, रात्री दोनचा फोन

मागच्या वर्षी एकदा रात्री दोनला फोन वाजला. आमचा ब्लॉकचेन नोड पडला होता. लॉगमध्ये कारण स्पष्ट होतं : निल पॉइंटर डीरेफरन्स. कुठल्याशा पीअरने पाठवलेल्या संदेशात एक फील्डच नव्हतं आणि आमचा कोड ते आहे असं धरून पुढे गेला.

या ‘काहीच नाही’ची गोष्ट १९६५ची. टोनी होअर अल्गोल डब्ल्यू या भाषेवर काम करत होते. रेफरन्सचा प्रत्येक वापर सुरक्षित असावा, कंपायलरनेच तो तपासावा, हा त्यांचा हेतू. पण नल रेफरन्स घालणं इतकं सोपं होतं, की मोह आवरला नाही. २००९मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनीच तिला आपली ‘अब्ज डॉलरची चूक’ म्हटलं.

गंमत बघा, त्याच वर्षी जानेवारीत बिटकॉइनचं नेटवर्क सुरू झालं आणि नोव्हेंबरात गूगलने गो भाषा जाहीर केली. तिच्यात निल होताच. पुढे इथेरियमचा गेथ नोड गोमध्येच लिहिला गेला.

साधं ॲप पडलं तर एकाचा खोळंबा होतो. नोड मात्र अनोळखी लोकांचे संदेश घेतो. गोमध्ये एका गोरूटीनमधला पॅनिक सावरला नाही तर अख्खी प्रोसेस जाते. सगळ्यांचा कोड एकच असेल तर एक अर्धवट संदेश सगळ्यांना आडवं करू शकतो. सप्टेंबर २०१६मध्ये, शांघायला इथेरियमची परिषद भरलेली असताना, एका ब्लॉकवर गेथ नोड मेमरी संपून पडू लागले. तिथे कारण नल नव्हतं, पण धडा तोच. वेगळ्या टीमने रस्टमध्ये लिहिलेला पॅरिटी नोड चालू होता, म्हणून नेटवर्क तगलं.

त्या रात्री मी रिकव्हर लावून पॅनिक गिळून टाकला आणि झोपलो. सकाळी आमच्या सीनिअरने ते काढायला लावलं. म्हणाली, “अर्धवट लिहिलेल्या स्टेटवर चालणारा नोड पडलेल्या नोडपेक्षा वाईट, बाबा.” मग आम्ही तपासणी दारातच आणली. संदेश डीकोड झाला की सगळी फील्ड्स बघायची, अपूर्ण असेल तर तिथेच नाकारायचा. आतल्या कोडपर्यंत निल पोचताच कामा नये.

रस्टमध्ये ऑप्शन टाइपमुळे कंपायलरच हा प्रश्न विचारतो. तरी आळसाने अनरॅप लिहिलं, की तिथेही पॅनिक आहेच. होअरना जे काम कंपायलरकडून हवं होतं, ते गोमध्ये अजून आपल्यालाच करावं लागतं. आणि ते दिवसाउजेडी केलेलं बरं.

भेटू पुढच्या भागात.