पहिल्या हंगामाचा हिशेब

हॉकी म्हटलें कीं भारतीय श्रोत्याच्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान आणि ध्यानचंदांची काठी उभी राहते. परंतु कॅनडांत हॉकी म्हणजे बर्फावरचा खेळ. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातांत लांब दांडा, चेंडूच्या जागीं कठीण रबराची चपटी चकती आणि एका वेळीं प्रत्येक बाजूचे सहा गडी, अशी त्याची मांडणी. या खेळाच्या धंदेवाईक संघांची प्रमुख संघटना, नॅशनल हॉकी लीग, १९१७ सालीं स्थापन झाली. तिच्या इतिहासांत विजेत्यांचीं नांवें पुष्कळ गाजलीं. एका पराभूत संघाची कथाहि तितकीच बोधप्रद आहे. तो संघ वॉशिंग्टन कॅपिटल्स, आणि तो त्याचा पहिलाच, १९७४-७५ चा हंगाम.

ही कथा समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. १९४२ पासून १९६७ पर्यंत या लीगमध्यें अवघे सहा संघ होते. १९६७ त ते एकदम १२ झाले, १९७० त १४, १९७२ त १६ आणि १९७४ त १८. त्यांतच १९७२ मध्यें वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी संघटना उभी राहिली. १९७४-७५ मध्यें तिचेहि १४ संघ खेळत होते. आठ वर्षांपूर्वीं जेथें सहा संघ, तेथें आतां ३२! खेळाडू मात्र बहुतेक सारे पूर्वींप्रमाणेंच कॅनडांतून येत होते. विहिरीचें पाणी तेंच, मोटा मात्र पांचपट, अशी ही स्थिति होती.

अशा वेळीं एब पॉलिन या बांधकाम-व्यावसायिकानें अमेरिकेच्या राजधानीसाठीं संघ काढिला. शहरालगत मेरीलंड राज्यांतील लँडोव्हर येथें त्यानें बांधलेलें कॅपिटल सेंटर हें प्रेक्षागृह १९७३ च्या अखेरीस उघडलें होतें. लीगच्या प्रवेशाचें मोल ६० लक्ष डॉलर होतें. हें मोल देऊन काय मिळालें? जुन्या १६ संघांनीं प्रत्येकीं आपले १५ खेळाडू व दोन गोलरक्षक राखून ठेवावे, आणि उरलेल्यांतून वॉशिंग्टन व त्याच वर्षीं जन्मलेला कॅन्सस सिटीचा संघ यांनीं २४-२४ गडी निवडावे, असा नियम होता. पंगत उठल्यावर येणाऱ्याच्या पानांत जें पडावें, तेंच या दोघांच्या पानांत पडलें.

संघाचे व्यवस्थापक मिल्ट श्मिट नवखे नव्हते. खेळाडू म्हणून १९३९ व १९४१ मध्यें, आणि व्यवस्थापक म्हणून १९७० व १९७२ मध्यें, त्यांनीं बॉस्टन संघाबरोबर स्टॅन्ले चषकाचा मान मिळविला होता. नवोदितांच्या निवडींत पहिला हक्क वॉशिंग्टनचा होता. त्यांनीं ग्रेग जोली हा वीस वर्षांचा बचावपटु घेतला. परंतु एका तरुणाच्या खांद्यावर सारें घर उभें राहत नाहीं.

९ ऑक्टोबर १९७४ रोजीं न्यूयॉर्क येथें संघ पहिला सामना ६-३ असा हरला. १७ ऑक्टोबरला शिकागोसारख्या जुन्या संघास त्यानें आपल्या घरीं ४-३ असें हरविलें, तेव्हां लोकांना थोडी आशा वाटली. ती लवकरच मावळली. हंगामाच्या ८० सामन्यांपैकीं संघानें ८ जिंकिले, ६७ गमाविले, ५ बरोबरींत सोडविले. विजयास दोन व बरोबरीस एक, अशा रीतीनें १६० पैकीं गुण मिळाले २१. संघानें १८१ गोल केले आणि त्याच्यावर ४४६ झाले. आठहि विजय रॉन लो या एकाच गोलरक्षकाच्या वेळचे; त्याचा सहकारी मिशेल बेल्ह्यूमर याला वर्षभर एकहि विजय लाभला नाहीं. मार्गदर्शक दोन वेळां बदलले. जिम अँडरसन गेले, रेड सलिव्हन आले आणि गेले, शेवटीं श्मिट यांनींच तें काम हातीं घेतलें. १८ पैकीं १२ संघांना प्लेऑफमध्यें, म्हणजे चषकासाठींच्या बादफेरींत, प्रवेश होता. वॉशिंग्टनच्या गटांतून तिसऱ्या क्रमांकानें गेलेल्या पिट्सबर्गचे गुण ८९ होते. एवढी मोठी ती दरी!

परक्या शहरांत तर या संघानें लागोपाठ ३७ सामने गमाविले. २८ मार्च १९७५ रोजीं ओकलंड येथें कॅलिफोर्नियाच्या संघावर त्याला ५-३ असा विजय मिळाला. घराबाहेरचा हा त्या हंगामांतला पहिला आणि अखेरचा विजय. तेव्हां खेळाडूंनीं कचऱ्याचा एक डबा स्टॅन्ले चषकासारखा उंच धरून त्याची मिरवणूक काढिली! या प्रसंगाला कोणी हंसेल. परंतु अडतिसाव्या प्रयत्नापर्यंत ज्यांनीं खेळणें सोडलें नाहीं, त्यांची ती मिरवणूक होती.

दोष कोणाचा? सारा नियमांवर ढकलतां येत नाहीं. त्याच उरलेल्या गड्यांतून निघालेल्या कॅन्सस सिटीनें ४१ गुण मिळविले, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तरी दोनच हंगामांनंतर, १९७६ मध्यें, तो संघ डेन्व्हरला हलविण्यांत आला आणि १९८२ मध्यें तेथूनहि न्यू जर्सीला गेला. वॉशिंग्टनचा संघ मात्र टिकला. आठ हंगाम तो प्लेऑफबाहेर राहिला, आणि १९८३ मध्यें प्रथमच आंत गेला. पहिल्या वर्षाचा गुणतक्ता संघाचें भविष्य सांगत नाहीं. धीर धरणारा मालक आणि त्याला साथ देणारें शहर अधिक कांहीं सांगतात.

काळानें या कथेला एक विलक्षण जोड दिली. २०१७ मध्यें लास व्हेगासला नवा संघ मिळाला. त्याचें मोल ५० कोटी डॉलर; परंतु या वेळीं जुन्या संघांना आठ ते दहा खेळाडू आणि एकच गोलरक्षक राखतां आला. पानांत चांगलें वाढलें गेलें, आणि त्या संघानें पहिल्याच हंगामांत १०९ गुण मिळवून थेट चषकाच्या अंतिम लढतींत धडक मारिली. तेथें त्याची गांठ वॉशिंग्टन कॅपिटल्सशीं पडली. ७ जून २०१८ रोजीं लास व्हेगास येथेंच वॉशिंग्टननें आपला पहिला स्टॅन्ले चषक जिंकिला. कचऱ्याच्या डब्याच्या त्या मिरवणुकीला तेव्हां त्रेचाळीस वर्षें होऊन गेलीं होतीं.