घरच्या स्विमिंग पूलमधले डाग आणि पाण्याचं रसायन: टाकी रिकामी करण्याआधी हे तपासा

माझं गाव सिद्धेश्वर, हिंगोली जिल्हा. येलदरीहून पूर्णेचं पाणी आमच्या धरणात येतं आणि इथून पुढे कालव्याला सुटतं. धरण उशाला असलं तरी मळ्यातली घरं बोअरवरच चालतात. अशाच काही मळ्यांत आता पोरांसाठी टाइल्सचे छोटे पूल झालेत. उन्हाळा लागला की मला व्हॉट्सॲपवर फोटो येतात, "भाऊ, तळाला तांबडे डाग पडलेत, पाणी काढून घासून टाकू का?"

माझं उत्तर ठरलेलं: थांबा. फुटांत लांबी × रुंदी × सरासरी खोली करा आणि त्याला २८.३ ने गुणा, म्हणजे लीटर मिळतील. २० बाय १० चा, ४ फूट खोल पूल म्हणजे साधारण २२,६०० लीटर. एप्रिलमध्ये एवढं पाणी ओतून द्यायचं आणि पुन्हा त्याच बोअरने भरायचं, तर तेच डाग परत येणार. डागाचं मूळ त्या पाण्यातच आहे.

डाग कशाचा, ते आधी ओळखा

गंजासारखा तपकिरी डाग बहुतेक लोखंडाचा असतो. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोह डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखं नितळ वाटतं. टीसीएल पावडर टाकली की तेच लोह क्लोरीनमुळे गंजतं आणि पाणी चहासारखं होतं. मग लोक पावडरला शिव्या देतात! खात्री करायला विटामिन सीची गोळी डागावर मिनिटभर दाबून धरा. खालचा रंग उडाला, तर डाग लोखंडाचा.

निळसर हिरवा डाग तांब्याचा. आपल्याकडे त्याचं मुख्य कारण घरातलंच असतं: शेवाळ मारायला टाकलेलं मोरचूद. फवारणीतून उरलेलं मोरचूद अंदाजाने पूलमध्ये टाकू नका, केससुद्धा हिरवट होतात.

पानांचा, शेवाळाचा डाग हिरवट तपकिरी असतो. क्लोरीन वाढवलं आणि ब्रशने घासलं की तो जातो. पाण्याच्या रेषेवर टाइल्सना बसलेला पांढरा, खरखरीत थर म्हणजे क्षार. त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, फेस आला तर कॅल्शियम कार्बोनेट.

लोखंडाच्या डागासाठी ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे विटामिन सीचीच पावडर, दहा हजार लीटरला साधारण ६० ते १२० ग्रॅम लागते. आधी क्लोरीन शून्यावर येऊ द्या, नाहीतर दोघं एकमेकांनाच संपवतात आणि पैसे पाण्यात. डाग गेला तरी लोह पाण्यातच राहतं, म्हणून सोबत धातू धरून ठेवणारं औषध, ज्याला मेटल सिक्वेस्टरंट म्हणतात, ते टाका आणि क्लोरीन हळूहळू वाढवा. त्याहून सोपं म्हणजे नवीन पाणी आधी वेगळ्या हौदात घ्यायचं, क्लोरीन टाकून रात्रभर निवळू द्यायचं आणि वरचं नितळ पाणी पूलमध्ये सोडायचं.

फोनने पाणी मोजताना

टेस्ट स्ट्रिप ऑनलाइन सहज मिळते. काही ॲप स्ट्रिपचा फोटो घेऊन आकडे सांगतात, पण फोनचा कॅमेरा स्वतःच्या मनाने रंग बदलतो. पिवळ्या बल्बखाली काढलेला फोटो हमखास चुकीचं सांगतो. स्ट्रिप पांढऱ्या कागदावर, सावलीत, फ्लॅश बंद करून ठेवा आणि पाकिटावर दिलेल्या सेकंदांतच वाचा. बाटलीवरच्या रंगांशी डोळ्यांनी जुळवणं मला अजून जास्त भरवशाचं वाटतं. फोनचा खरा उपयोग नोंदीला आहे. दर रविवारी त्याच कोपऱ्याचा फोटो आणि चार आकडे नोट्समध्ये टाका.

ते आकडे असे हवेत: पीएच ७.२ ते ७.८, अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम, कॅल्शियम हार्डनेस २०० ते ४००, मोकळं क्लोरीन १ ते ३. पीएच म्हणजे माती परीक्षणाच्या कागदावर जो सामू असतो तोच. पीपीएम म्हणजे एका लीटरमध्ये किती मिलिग्रॅम.

ताजं बोअरचं पाणी लगेच मोजू नका. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो उडून गेला की पीएच आपोआप चढतो आणि पांढरा थर बसायला लागतो. एक-दोन दिवसांनी मोजा.

क्रम चुकवू नका

आधी अल्कलिनिटी, मग पीएच, शेवटी क्लोरीन. अल्कलिनिटी कमी असेल तर खाण्याचा सोडा: दहा हजार लीटरला १० पीपीएम वाढवायला १६८ ग्रॅम. आपल्या बोअरला मात्र बहुतेक वेळा उलटं असतं, अल्कलिनिटी आणि पीएच दोन्ही जास्त. तिथे पूलचं ॲसिड थोडं थोडं टाकायचं, फिल्टरचा पंप चालू ठेवायचा आणि चार तासांनी पुन्हा मोजायचं.

पीएचकडे एवढं लक्ष का? ७.५ ला तुमच्या क्लोरीनपैकी निम्मंच जंतू मारणाऱ्या जोरदार रूपात असतं. ८ ला ते पाव हिश्श्याच्या आसपास येतं. पावडर तेवढीच टाकली, पण पोरांना डोळे चुरचुरणं आणि कानदुखी.

ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, म्हणजे दहा हजार लीटरला १ पीपीएमसाठी ३० ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं पाणीच टाका. उघड्या पोत्यातली जुनी पावडर मेलेली असते. पावडर संध्याकाळी टाका, कारण मराठवाड्याचं ऊन क्लोरीन काही तासांत उडवतं.

इथे मस्करी नको

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र करू नका, एकाच मगाने मोजूसुद्धा नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुफ्फुसं जाळतो. ॲसिड नेहमी पाण्यात ओता, ॲसिडमध्ये पाणी नाही. हातमोजे, चष्मा आणि वाऱ्याकडे पाठ. तळ स्पष्ट दिसत नसेल तर कुणालाच उतरू देऊ नका, बुडालेलं पोर गढूळ पाण्यात दिसत नाही. आणि प्लास्टिकचा कागद लावलेलं शेततळं हा स्विमिंग पूल नाही. त्याच्या ओल्या उतारावरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही.

पाणी बदलायचं कधी?

उन्हाने पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि आपण वरून पुन्हा जड पाणी घालतो. त्यामुळे हार्डनेस महिन्यातून एकदा तरी बघा. ती फारच चढली तर पाव हिस्सा पाणी काढा, पण शक्य असेल तर जूनपर्यंत कळ काढा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. पहिले दोन पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्या, मग पन्हाळीचा पाइप थेट पूलमध्ये सोडा आणि जादा झालेलं जुनं पाणी क्लोरीन उडाल्यावर झाडांना द्या.