बुद्धिबळातील बर्लिन बचाव आणि विदितचा टोरंटोतील डाव

काळ्या मोहऱ्यांनी खेळताना बरोबरी साधायची असेल, तर बर्लिन बचाव निवडावा, असा बुद्धिबळातील रूढ समज आहे. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी याने ५ एप्रिल २०२४ रोजी टोरंटो येथे, आव्हानवीरांच्या कँडिडेट्स स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत, याच बचावाने अमेरिकेच्या हिकारू नाकामुराला हरवले. नाकामुराची पारंपरिक प्रकारातील ४७ डावांची अपराजित मालिका तेथे खंडित झाली.

रुई लोपेझ पद्धतीत पांढऱ्याचा उंट बी ५ घरात येताच काळा आपला दुसरा घोडा एफ ६ वर आणतो. हाच बर्लिन बचाव. पांढऱ्याने पुढच्या खेळीत किल्लेकोट केल्यास मुख्य प्रकारात आठव्या खेळीपर्यंत वजिरांची अदलाबदल होते. काळ्याला किल्लेकोट करता येत नाही, तरी त्याची तटबंदी भेदणे कठीण जाते. २००० मध्ये लंडनला व्लादिमीर क्रामनिकने हा बचाव वापरून गॅरी कास्पारोव्हला रोखले. १५ डावांच्या त्या लढतीत कास्पारोव्हला एकही डाव जिंकता आला नाही आणि १९८५ पासूनचे जगज्जेतेपद त्याने ८.५-६.५ असे गमावले.

हा कंटाळवाणा शेवट टाळण्यासाठी पांढऱ्याकडून चौथ्या खेळीत प्यादे डी ३ वर सरकवण्याचा पर्याय रूढ झाला. वजीर पटावर राहतात. मात्र धोका दोघांनाही असतो. चेन्नईत २०१३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील सहाव्या डावात विश्वनाथन आनंदने हाच पर्याय निवडला होता. मॅग्नस कार्लसनने तो डाव हत्तींच्या दीर्घ अंतिम टप्प्यात जिंकला.

नाकामुरानेही डी ३ खेळले. विदितने मात्र अंतिम टप्प्याची वाट पाहिली नाही. अकराव्या खेळीत त्याने एच ३ वरील प्यादे मारून उंटाचे बलिदान दिले आणि पांढऱ्या राजावर हल्ला चढवला. घरच्या तयारीचे एवढे उघड फळ या पातळीवर क्वचितच दिसते.

त्यानंतरच्या दोन्ही फेऱ्यांत विदित पराभूत झाला आणि अखेर १४ डावांत त्याचे ६ गुण झाले. परंतु नवव्या फेरीत त्याने नाकामुराला पुन्हा नमवले. डी. गुकेश ९ गुणांसह विजेता ठरला, तर नाकामुरा ८.५ गुणांवर थांबला. विदितविरुद्धच्या दोनपैकी एक डाव जरी त्याने बरोबरीत सोडवला असता, तरी तो गुकेशच्या बरोबरीला आला असता.