दुसरी किल्ली: टीजीएन१४१२ चाचणीचा घटनाक्रम

चाचणीपूर्वी
जर्मनीतल्या टीजेनेरो कंपनीने टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड ल्युकेमिया आणि संधिवातासारख्या आजारांसाठी तयार केलं होतं. माकडांना किलोमागे ५० मिलिग्रॅम देऊनही ती ठणठणीत राहिली. माणसासाठी मात्रा ठरली त्याच्या पाचशेव्या हिश्श्याइतकी, किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. कागदावर हा हिशेब बिनधोक होता.

१३ मार्च २००६, सकाळी ८
लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या आवारातलं खासगी चाचणी केंद्र. आठ निरोगी पुरुष, त्यांतल्या सहा जणांना औषध आणि दोघांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती नक्कल. पहिल्याच्या शिरेत काही मिनिटांत मात्रा गेली. दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या, आणखी दहा मिनिटांनी तिसऱ्याच्या.

त्याच वेळी, रक्तात
एरवी रोगप्रतिकार यंत्रणेतल्या टी-पेशी सहज पेटत नाहीत. जंतू शिरला की डेंड्रिटिक पेशी त्याला गिळते, त्याच्या प्रथिनांचे तुकडे करते आणि ते एमएचसी रेणूंवर चढवून जवळच्या लसिका ग्रंथीकडे निघते. या प्रवासाला कित्येक तास लागतात. ग्रंथीत असंख्य टी-पेशी तिला चाचपून पुढे जातात. नेमका तोच तुकडा ओळखणारी एखादीच थबकते. पण तेवढ्यानेही भागत नाही. धोका खरा असेल तर डेंड्रिटिक पेशी बी७ हा रेणूही पुढे करते, आणि तो टी-पेशीवरच्या सीडी२८ या रेणूला जुळावा लागतो. बँकेच्या लॉकरसारखं हे काम दोन किल्ल्यांचं आहे. पहिली किल्ली पुराव्याची, दुसरी धोक्याची. पुरावा आहे पण धोक्याची खूण नाही, असं झालं तर टी-पेशी सुस्तावते, आणि आपल्याच शरीराचे तुकडे पाहून ती पेटत नाही ती काही अंशी यामुळे.

टीजीएन१४१२ने थेट सीडी२८लाच असं पकडलं, की पहिल्या किल्लीची गरजच उरली नाही. कोणताही जंतू दाखवलेला नसताना टी-पेशी सरसकट जाग्या झाल्या.

सकाळी ९ च्या सुमारास
औषध मिळालेल्यांचं डोकं भयंकर दुखू लागलं. मग अंगदुखी, मळमळ, जुलाब, लालबुंद त्वचा, घसरता रक्तदाब. पहिली तक्रार येईपर्यंत बहुतेकांना औषध टोचून झालेलं होतं. दीड तासाच्या आत सहाही जणांची हीच अवस्था झाली. प्लासिबो मिळालेल्या दोघांना काहीच झालं नाही.

दुपारपर्यंत
रक्तात सायटोकाइनचा, म्हणजे पेशींच्या रासायनिक निरोपांचा, पूर आला. आधी टीएनएफ-अल्फा, पाठोपाठ इंटरल्युकिन आणि इंटरफेरॉन-गॅमा. रोज मोजकेच सोडले जाणारे हे निरोप एकाच वेळी सगळ्या शरीरात पोचले.

रात्री ८ ते मध्यरात्र
फुप्फुसांत पाणी, मूत्रपिंडं निकामी, रक्तात जागोजागी गुठळ्या. सहाही जणांना रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात हलवलं गेलं. डायलिसिस, स्टिरॉइडचे मोठे डोस आणि टी-पेशींना आवरणारं दुसरं प्रतिपिंड सुरू झालं.

चोवीस तासांत
रक्तातल्या लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी जवळजवळ दिसेनाशा झाल्या. पुढे दोघांचे अवयव अनुक्रमे ८ आणि १६ दिवस यंत्रांच्या आधारावर चालवावे लागले. सहाही जण वाचले. एकाची पायाची बोटं आणि हाताच्या बोटांची टोकं मात्र गेली.

नंतर
२०१० मध्ये कारण उलगडलं. हा भडका उडवणाऱ्या मुरलेल्या टी-पेशींवर त्या माकडांत सीडी२८ नसतोच. म्हणजे माकडांनी दिलेला निर्वाळा मुळात या प्रश्नाचा नव्हताच. त्याआधीच, या चाचणीची चौकशी करणाऱ्या सर गॉर्डन डफ यांच्या समितीने शिफारस केली होती: पहिली मात्रा शरीरात किमान परिणाम दिसेल त्या पातळीवरून ठरवावी, आणि पहिल्याची प्रतिक्रिया पाहिल्याशिवाय दुसऱ्याला औषध देऊ नये. पुढे हेच प्रतिपिंड नव्या नावाने रशियात चाचणीला उतरलं, तेव्हा सुरुवात हजारपट कमी मात्रेने झाली आणि वादळ उठलं नाही.

शरीर हल्ल्याचा हुकूम देण्याआधी पुरावा मागतं आणि त्यासाठी वेळ घेतं. ही दिरंगाई म्हणजेच आपलं संरक्षण आहे. ती पायरी गाळणारं औषध बनवणं गुन्हा नाही, त्यातून उद्या कुणाचा आजार बराही होईल. पण असं औषध माणसाला देताना शरीराइतकाच धीर डॉक्टरांनी धरायला हवा. त्या सकाळी दहा मिनिटांऐवजी दोन तासांचं अंतर ठेवलं असतं, तर पाच जण या यातनांतून वाचले असते.