'देणें' : एका क्रियापदाचा वंशविस्तार

वाशीम हें प्राचीन काळचें वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ सालीं येथें दुसरा विंध्यशक्ति या राजाचा चौथ्या शतकांतील ताम्रपट उजेडांत आला. त्यांतील वंशावळ संस्कृतांत, पण गांव दान दिल्याचा व्यावहारिक मजकूर प्राकृतांत आहे. राजाचें देणें लोकभाषेंत नोंदलें गेलें!

या 'देण्या'चा वंश आपल्याकडे पायरीपायरीनें दाखवितां येतो. संस्कृत 'ददाति', प्राकृत 'देइ', जुन्या मराठींतील 'दिधलें', आणि आजचें 'देतो', 'दिलें'. प्रत्येक पायरीला लेखाचा आधार आहे.

युरोपांतील स्लाव लोकांकडे असा आधार नाहीं. नवव्या शतकापूर्वीचे त्यांचे लेख उपलब्ध नाहींत. मग त्यांची मूळ भाषा कशी कळावी? वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन याचें 'हरिविजय' काव्य लुप्त झालें. साहित्यशास्त्रकारांनीं दिलेल्या उताऱ्यांवरूनच त्याची ओळख पटते. तसेंच येथेंही आहे. मूळ शब्द लुप्त, पण वंशज हयात. पोलिश 'दाच्', झेक 'दात्', सर्बियन 'दाती' हीं रूपें ताडून पाहून पंडितांनीं आदिस्लाव 'दाती' हें क्रियापद सिद्ध केलें. तें लेखांत आढळत नाहीं, हें सांगण्यासाठीं त्यापूर्वीं तारकाचिन्ह घालतात.

'ते देतील' याला रशियन भाषेंत 'दादूत' म्हणतात. संस्कृत 'ददति' म्हणजे 'ते देतात'. दोन्हींत 'द'ची द्विरुक्ति टिकून आहे. ही उसनवारी नव्हे. लॅटिन 'दारे' व ग्रीक 'दिदोमि' यांच्यासह हीं सर्व एकाच प्राचीन धातूचीं अपत्यें होत.

भावंडांचे स्वभाव मात्र भिन्न झाले. आपलें 'दान' स्वेच्छेचें. रशियन 'दान्य' म्हणजे खंडणी. कीव्हचा राजा ईगोर ती दुसऱ्यांदा वसूल करावयास गेला, तेव्हां ९४५ सालीं त्रस्त प्रजेनें त्याला ठार केल्याचें जुन्या बखरींत नमूद आहे. उलट वाशीमच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गांवाला करांतून दिलेल्या सवलतींची लांबलचक यादी आहे. धातु एकच, पण कोणी, कोणाला आणि कोणत्या बुद्धीनें दिलें, यावर शब्दाचा अर्थ ठरला. वाकाटकांचें राज्य गेलें. 'देणें' मात्र मराठी घरांत रोज उच्चारलें जातें.