ख्रिस्ती हिप-हॉपची जडणघडण आणि ‘११६ क्लिक’चा संकलन अल्बम

रॅप, ठेका आणि डीजेची तंत्रे यांच्या साहाय्याने ख्रिस्ती श्रद्धेचा आशय मांडणाऱ्या संगीतप्रकारास ख्रिस्ती हिप-हॉप म्हणतात. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात अमेरिकेत त्याचा उदय झाला. अनेक चर्चना त्याचा ठेका खटकत असे आणि हिप-हॉपच्या श्रोत्यांना त्यातील उपदेश. सुमारे दोन दशके अशा अवघडलेल्या स्थितीत काढल्यानंतर या संगीताला स्वतःचे व्यासपीठ मिळाले, ते मुख्यतः छोट्या स्वतंत्र ध्वनिमुद्रण संस्थांमुळे. २००५ मध्ये रीच रेकॉर्ड्सने काढलेला ‘द कम्पायलेशन अल्बम’ हा त्या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा होय.

आरंभ

हिप-हॉपचा जन्म १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. १९७९ च्या ‘रॅपर्स डिलाइट’ या गाण्याने ही कला अमेरिकाभर पोहोचली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८२ मध्ये, पीट मॅकस्वीट यांचे ‘द गॉस्पेल बीट’ हे गाणे निघाले. ख्रिस्ती रॅपचे सर्वांत आधीचे ध्वनिमुद्रण म्हणून सामान्यतः त्याचाच निर्देश होतो. पूर्ण लांबीच्या पहिल्या कॅसेटचा मान मात्र ओक्लाहोमा राज्यातील स्टीफन वायली यांच्या ‘बायबल ब्रेक’ला (१९८५) दिला जातो. बायबलमधील पुस्तकांची नावे तालावर म्हणता यावीत, असा तिच्या शीर्षकगीताचा साधा हेतू होता. आरंभीचा ख्रिस्ती रॅप बहुतांशी असाच, रविवारच्या शाळेतील मुलांना डोळ्यांसमोर ठेवून रचलेला होता.

दशकाच्या अखेरीस चित्र बदलू लागले. मायकल पीस यांचा पहिला अल्बम १९८७ मध्ये आला, पी. आय. डी. आणि एस. एफ. सी. हे गट पाठोपाठ पुढे आले. डॅलसचे डॅनी रॉड्रिगेझ ऊर्फ डी-बॉय हे रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांमध्ये प्रत्यक्ष काम करीत आणि त्यांच्याच भाषेत गात. त्यांचा ‘प्लँटिन अ सीड’ हा अल्बम १९८९ मध्ये फ्रंटलाइन रेकॉर्ड्सने काढला. पुढच्याच वर्षी डॅलसमध्ये गोळ्या घालून त्यांचा खून झाला. ज्या हिंसेतून मुलांना बाहेर काढण्यासाठी ते झटत होते, तिनेच त्यांचा बळी घेतला. त्यांच्या भगिनी एम. सी. जी जी या ख्रिस्ती रॅपमधील आरंभीच्या स्त्री-कलावंतांपैकी एक होत.

बाजारपेठेची अडचण

या कलावंतांपुढे आशयापेक्षा वितरणाचा प्रश्न बिकट होता. ख्रिस्ती संगीताची विक्री प्रामुख्याने धार्मिक पुस्तकांच्या दुकानांतून होई आणि तेथील ग्राहकवर्ग रॅपकडे साशंकतेने पाही. गॉस्पेल संगीत लावणाऱ्या आकाशवाणी केंद्रांवर समूहगायनाचे वर्चस्व होते, तर हिप-हॉपच्या केंद्रांना हे गीत प्रवचनासारखे वाटे. निर्मितीसाठी पैसा अपुरा पडे, ध्वनिमुद्रण सुमार होई आणि मग ‘ही केवळ नक्कल आहे’ असा शेरा ऐकावा लागे.

व्हर्जिनियातील लिबर्टी विद्यापीठात एकत्र आलेल्या डीसी टॉक या त्रयीला मोठे यश लाभले, परंतु १९९५ च्या ‘जीझस फ्रीक’ या अल्बमपर्यंत ती रॉक संगीताकडे वळली होती. याच काळात लॉस एंजेलिसच्या टोळ्यांतून बाहेर पडलेल्या तरुणांचा गॉस्पेल गँगस्टाझ हा गट पुढे आला. फिलाडेल्फियाच्या द क्रॉस मूव्हमेंटने ‘हेवन्स मेंटॅलिटी’ (१९९७) या अल्बमद्वारे ख्रिस्ती सिद्धान्तांची सखोल मांडणी रॅपमध्ये आणली आणि स्वतःची ध्वनिमुद्रण संस्थाही उभारली. कलावंतांनीच संस्था चालवावी, हा धडा पुढच्या पिढीने तेथून घेतला.

रीच रेकॉर्ड्स

ह्यूस्टनमध्ये जन्मलेले लक्रे मूर हे टेक्सासमधील विद्यार्थिदशेत ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले. बालगुन्हेगारांच्या सुधारगृहात स्वयंसेवक म्हणून काम करताना, तेथील मुलांपर्यंत पोहोचण्यास रॅप उपयोगी पडतो, हे त्यांनी अनुभवले. २००४ मध्ये त्यांनी बेन वॉशर यांच्यासह रीच रेकॉर्ड्सची स्थापना केली आणि ‘रिअल टॉक’ हा पहिला अल्बम काढला. पुढच्या वर्षी क्रॉस मूव्हमेंट रेकॉर्ड्सने तो पुन्हा प्रकाशित केला. आधीच्या पिढीने नव्या पिढीस दिलेला हा हात मोलाचा ठरला.

संकलन अल्बमचे महत्त्व

२००५ चा ‘द कम्पायलेशन अल्बम’ हा ११६ क्लिक या समूहाच्या नावाने निघाला. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील सोळाव्या वचनावरून हे नाव घेतले आहे. सुवार्तेची आपणास लाज वाटत नाही, असे पौल तेथे सांगतो. लक्रे, टेडाशी, शो बराका, ट्रिप ली आदी कलावंत या समूहाशी जोडलेले होते.

छोट्या संस्थेच्या दृष्टीने संकलन अल्बमचे गणित सरळ असते. थोड्याफार परिचित नावाच्या आधाराने अपरिचित नावे श्रोत्यांपर्यंत जातात, खर्च विभागला जातो आणि संस्थेची स्वतःची ओळख घडते. येथेही तसेच झाले. २००६ मध्ये टेडाशी यांचा ‘किंगडम पीपल’ व ट्रिप ली यांचा ‘इफ दे ओन्ली न्यू’, तर २००७ मध्ये शो बराका यांचा ‘टर्न माय लाइफ अप’ हे स्वतंत्र अल्बम आले. ‘थर्टीन लेटर्स’ (२००७) या समूहाच्या पुढील अल्बममध्ये पौलाच्या नावे असलेल्या तेरा पत्रांवर गीते रचण्यात आली. मुलांना पुस्तकांची नावे पाठ करविणाऱ्या ‘बायबल ब्रेक’पासून पत्रांतील आशयाचे विवरण करण्यापर्यंतचे हे अंतर बावीस वर्षांचे आहे.

यश आणि वाद

लक्रे यांच्या ‘ग्रॅव्हिटी’ला (२०१२) सर्वोत्कृष्ट गॉस्पेल अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले, हा मान मिळविणारे ते पहिले हिप-हॉप कलावंत ठरले. २०१४ मध्ये ‘अ‍ॅनॉमली’ने ‘बिलबोर्ड २००’ या यादीत प्रथम क्रमांकावर पदार्पण केले.

तरीही मूळ प्रश्न मिटला नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतील एका ख्रिस्ती परिषदेत व्यासपीठावरील वक्त्यांनी धार्मिक रॅपवर कठोर टीका केली. त्यांपैकी काहींना नंतर क्षमा मागावी लागली. दुसरीकडे, स्वतःला ‘ख्रिस्ती रॅपर’ म्हणवून न घेता, रॅप करणारा ख्रिस्ती माणूस म्हणावे, अशी भूमिका लक्रे यांनी घेतली, तेव्हा जुन्या चाहत्यांपैकी काही जण दुखावले. श्रद्धेने कलेला आपले साधन मानावे की कलेला स्वतःचे स्वातंत्र्य असावे, हा तो वाद आहे. ठेका बदलला, कॅसेट जाऊन मोबाइल आला, तरी ख्रिस्ती हिप-हॉपचा प्रत्येक नवा कलावंत आजही या प्रश्नाचे उत्तर आपापल्या परीने शोधतो आहे.