पावसातलं जिनिव्हा आणि श्यामजींचे कलश

स्वित्झर्लंड म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बर्फाचे डोंगर, हिरव्या कुरणातल्या गाई आणि हिंदी सिनेमातली शिफॉनची साडी उभी राहते. आम्हां दोघांना गेल्या ऑक्टोबरात जे स्वित्झर्लंड दिसलं, त्यात यातलं काहीही नव्हतं. होता तो फक्त पाऊस. आणि तोही आपल्यासारखा धो धो कोसळून मोकळा होणारा नव्हे, तर सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखा, सकाळी नऊला बसला की संध्याकाळपर्यंत न उठणारा!

आमची सहल मुळात काटकसरीची. लंडनहून स्वस्तातलं विमान आणि राहायला यूथ हॉस्टेल. (साठी उलटलेल्यांनाही तिथे घेतात, ही माहिती गरजूंनी लिहून ठेवावी.) जिनिव्हात साध्या जेवणाच्या बिलातही आपल्याकडे लंडनला दोघांचं पोटभर होईल, हे ऐकून असल्यामुळे सौ.ने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली होती. हातात पूर्ण दिवस एकच. सरोवरात बोटीने फिरायचं आणि दूरवर दिसणारा माँ ब्लाँ डोळे भरून पाहायचा, हा बेत. सकाळी खिडकी उघडली तर माँ ब्लाँ सोडाच, समोरचा रस्ताही धूसर. सरोवरातलं ते १४० मीटर उंच उडणारं प्रसिद्ध कारंजंसुद्धा वाऱ्यामुळे बंद. "वरून एवढं पडतंय, खालून आणखी कशाला उडवतील?" ही म्हणाली.

मग मी मनात राखून ठेवलेला दुसरा बेत बाहेर काढला.

लंडनला आमच्याकडे भारतातून पाहुणे आले, की त्यांना हायगेटमधलं ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू हे घर दाखवायला नेणं हा आमच्या घरचा कुळाचार आहे. तेच 'इंडिया हाऊस'. दारावर स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या नावाची निळी पाटी आहे. पाहुणे फोटो काढतात, नमस्कार करतात. पण हे घर कोणी घेतलं, विद्यार्थ्यांसाठी कोणी उघडलं, असं विचारलं तर बहुतेक जण माझ्याकडे पाहतात. ते होते पंडित श्यामजी कृष्णवर्मा. जन्म १८५७ चा, कच्छमधल्या मांडवीचा. शिक्षण मुंबईत आणि मग ऑक्सफर्डला. संस्कृतचे गाढे विद्वान, बॅरिस्टर, काही संस्थानांत दिवाण. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट' हे मासिक काढलं आणि १ जुलै १९०५ रोजी इंडिया हाऊस सुरू केलं. लोकमान्य टिळकांनी श्यामजींकडे शिफारस केली म्हणूनच १९०६ साली 'शिवाजी शिष्यवृत्ती' घेऊन तरुण सावरकर लंडनला येऊ शकले. पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे. श्यामजींचा मात्र आपल्याला पाठ नाही. १९०७ साली अटकेची चाहूल लागताच ते पॅरिसला गेले, १९१४ साली तिथूनही निघाले, आणि आले ते या जिनिव्हाला. पुन्हा कधीही मायदेशी न जाण्यासाठी.

हॉस्टेलने दिलेला ट्रामचा पास खिशात होता. जिनिव्हात हॉटेलात किंवा हॉस्टेलात उतरणाऱ्याला शहरातल्या ट्राम-बस फुकट असतात. आता तो पास फोनवर येतो. फुकट आहे म्हटल्यावर आम्ही आधी जुन्या शहराकडे निघालो.

टेकडीवरचं जुनं जिनिव्हा म्हणजे अरुंद, चढाच्या, फरसबंदी गल्ल्या. छत्री वाऱ्याने दोनदा उलटी झाली, तेव्हा टाऊन हॉलसमोरच्या जुन्या शस्त्रागाराच्या कमानींखाली आश्रय घेतला. तिथे पाच जुन्या तोफा ठेवल्या आहेत आणि भिंतींवर रंगीत तुकड्यांची मोठी चित्रं आहेत. एका चित्रात जिनिव्हाचे लोक परदेशातून पळून आलेल्या निर्वासितांचं स्वागत करताहेत. पावसापासून पळून आलेल्या आम्ही दोघांनी ते चित्र जरा आपुलकीनेच पाहिलं.

या शहराचा सगळा इतिहासच तसा बाहेरून आलेल्यांचा. ज्याच्या नावाने जिनिव्हा ओळखलं जातं तो धर्मसुधारक कॅल्व्हिन फ्रान्सचा. १५३६ साली आला, दोन वर्षांत हाकलला गेला, १५४१ साली सन्मानाने परत बोलावला गेला. आणि गंमत म्हणजे नागरिकत्व मिळालं १५५९ साली, मरणाच्या पाच वर्षं आधी! ब्रिटिश पासपोर्टासाठी खेटे घातलेल्या आपल्या मंडळींना यातलं मर्म वेगळं सांगायला नको. त्याच्या मागोमाग फ्रान्समधले छळ झालेले प्रॉटेस्टंट लोंढ्याने आले. शहराला तटबंदी, जागा वाढणार कुठे? म्हणून जुन्या घरांवरच मजले चढवले गेले. खालून वर पाहिलं की दगडी घरांचे ते उंच, अरुंद माथे अजूनही दिसतात. आलेल्यांत कारागीर होते, व्यापारी होते, छापखानेवाले होते. कॅल्व्हिनच्या कडक धर्मशासनात दागिन्यांना बंदी आल्यावर सोनारांचे हात घड्याळांकडे वळले, आणि १६०१ साली इथे घड्याळजींचा संघ उभा राहिला. जगाला वेळ दाखवणाऱ्या या शहराच्या धंद्यात निर्वासितांचा वाटा मोठा आहे.

पण या औदार्यालाही कड होती. मायकेल सर्व्हेटस हा स्पॅनिश वैद्य असाच जीव वाचवत आला होता. त्याची मतं कॅल्व्हिनला पटणारी नव्हती. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी याच शहराच्या वेशीबाहेर त्याला जिवंत जाळलं. आणि घरच्यांचं काय? आम्ही उभे होतो तिथून हाकेच्या अंतरावर, ग्रां रू या रस्त्यावर ४० क्रमांकाचं घर आहे. तिथे १७१२ साली रूसो जन्मला. १७६२ साली त्याची पुस्तकं याच टाऊन हॉलसमोर जाळण्यात आली, आणि अटकेच्या हुकमामुळे त्याला जन्मगावाचे दरवाजे बंद झाले. याच टाऊन हॉलात २२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा राष्ट्रांनी पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या, जखमी सैनिकाला शत्रू मानायचं नाही म्हणून. ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली तो आँरी द्युनाँ इथलाच. तीनच वर्षांनी, १८६७ साली, त्याचं दिवाळं निघालं. समाजाने पाठ फिरवली, गाव सुटलं ते कायमचं. १९०१ सालचं शांततेचं पहिलं नोबेल त्याला विभागून मिळालं तेव्हा तो देशाच्या दुसऱ्या टोकाला एका रुग्णालयात राहत होता, आणि १९१० साली तिथेच वारला.

"म्हणजे बाहेरच्यांना उंबऱ्याच्या आत आणि घरच्यांना बाहेर," दशमीचा तुकडा मोडत ही म्हणाली. इतकं सोपं नाही ते, पण पुष्कळसं खरं आहे.

श्यामजी या गावात आले ते पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर. स्वित्झर्लंड तटस्थ होतं, आणि त्या तटस्थतेची किंमत म्हणून त्यांना राजकारणापासून दूर राहण्याची हमी द्यावी लागली. 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट' बंद पडलं ते १९२० साली पुन्हा निघालं, आणि १९२२ मध्ये कायमचं थांबलं. ज्या शहरातून १९०९ साली मादाम कामांचं 'वंदे मातरम्' निघालं होतं, तिथे हा माणूस गप्प बसून होता. दरम्यान याच शहरात राष्ट्रसंघ आला, त्यात पारतंत्र्यातल्या भारतालाही जागा मिळाली. पण त्या खुर्चीवर कोणाला बसवायचं ते सरकार ठरवणार! श्यामजींनी काय करावं? राष्ट्रीय स्वातंत्र्य कसं मिळवावं आणि टिकवावं या विषयावर व्याख्यानमाला चालवा, असं सांगून राष्ट्रसंघाला दहा हजार फ्रँक देऊ केले. ते नाकारले गेले. स्विस सरकारला देऊ केले, त्यांनीही घेतले नाहीत.

हाच माणूस स्वतःवर कसा खर्च करायचा, ते जवाहरलाल नेहरूंनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. पत्नीच्या उपचारांसाठी १९२६ साली नेहरू जिनिव्हात आले, तेव्हा ते श्यामजींना भेटले. एका घराच्या अगदी वरच्या मजल्यावर हे म्हातारं जोडपं एकटं राहत होतं. पत्नी भानुमती आजारी. पूर्णवेळ नोकर नाही, खोल्यांत कोंदट हवा, सगळीकडे धुळीचा थर. श्यामजींच्या खिशांत आपल्या मासिकाचे जुने अंक कोंबलेले. ते काढून दाखवायचे, इंडिया हाऊसच्या दिवसांबद्दल बोलायचे. येणाऱ्या प्रत्येक हिंदी माणसाबद्दल मनात संशय, हा सरकारचा हेर तर नव्हे? पैसा भरपूर होता. पण चार सांतीम वाचावेत म्हणून हे गृहस्थ ट्राम सोडून पायी जायचे!

हे मी पूर्वी वाचलं होतं तेव्हा हसलो होतो. या वेळी खिशात फुकटचा पास घेऊन त्याच शहराच्या ट्राममध्ये बसल्यावर हसू आलं नाही. वर्षानुवर्षं घरापासून दूर राहिलेल्या माणसाने सांतीम सांतीम जोडून नेमकं काय साठवायचं ठरवलं होतं, ते दुपारी आम्ही बघायला निघालो होतो.

सेंट जॉर्जेस हे कबरस्तान गावाच्या एका कडेला आहे. मोठी झाडं, ओली पानं, काळे चमकणारे रस्ते. माणूस दिसला नाही. श्यामजी मार्च १९३० मध्ये जिनिव्हात वारले, भानुमती १९३३ च्या ऑगस्टमध्ये. त्याआधीच श्यामजींनी शहराच्या कारभाऱ्यांशी आणि या कबरस्तानाशी व्यवहार करून ठेवला होता. दोघांच्या अस्थी शंभर वर्षं सांभाळायच्या, आणि भारत स्वतंत्र झाला की तिकडे पाठवायच्या. पैसे आगाऊ भरलेले. युरोपात पुष्कळ ठिकाणी थडग्याची जागासुद्धा ठरावीक वर्षांच्या कराराने मिळते, मुदत संपली की जागा दुसऱ्याची. या माणसाने शंभर वर्षांची मुदत घेतली. १९३० साली स्वातंत्र्य कुठे दिसत होतं? पण शंभर वर्षांत ते येणारच, या हिशोबाने त्याने पैसे मोजले. स्वातंत्र्यावरच्या श्रद्धेची इतकी रोकड पावती मी दुसरी पाहिलेली नाही.

स्वातंत्र्य सतरा वर्षांतच आलं. कलश मात्र जिथल्या तिथे राहिले. १५ ऑगस्ट १९४७ नंतर आणखी छप्पन्न वर्षं. शेवटी २२ ऑगस्ट २००३ रोजी जिनिव्हा शहराने ते गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांच्या स्वाधीन केले. योगायोग असा, की टाऊन हॉलातल्या त्या करारावर सह्या झाल्या तीही तारीख २२ ऑगस्टच. कलश मुंबईत उतरले, गुजरातभर यात्रा झाली आणि ते मांडवीला पोचले. तिथे २०१० साली 'क्रांतितीर्थ' उभं राहिलं, त्यात हायगेटच्या घराची हुबेहूब प्रतिकृती आहे. १९०९ साली ज्या इनर टेम्पलने श्यामजींचं नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढलं होतं, त्यांनीही ते २०१५ साली परत घातलं.

म्हणजे आम्ही पावसात बघायला आलो होतो ती रिकामी झालेली जागा. नेमका कोनाडा शोधत आम्ही फिरलो नाही. मी जोडे काढायला वाकलो, तर ही म्हणाली, "ओलं आहे, मनातल्या मनात करा." तसा केला.

इथे एक घरची गोष्ट सांगायला हवी. या सहलीच्या आधी आम्ही दोघांनी मृत्युपत्र करायला घेतलं होतं. वकिलाने पाठवलेल्या कागदावर एक रकाना होता : अंत्यसंस्कार कुठे, आणि अस्थींचं काय करायचं. बाकीचा सगळा कागद आम्ही एका संध्याकाळी भरला; तो रकाना दोन महिने कोराच होता. चौतीस वर्षांपूर्वी पाच वर्षांसाठी म्हणून आलो. मग मुलांची शाळा, मग कॉलेज, मग नातवंडं. परतीचं तिकीट आपण रद्द कधीच करत नाही, फक्त तारीख पुढे ढकलतो. श्यामजींना परत जाता येत नव्हतं. आम्हांला कोणी अडवलं नव्हतं. म्हणूनच बहुधा आमचा रकाना भरणं जास्त कठीण होतं.

आणि मला दुसरीही गोष्ट टोचत होती. जिनिव्हाने आपला शब्द पाळला. एका परक्या, म्हाताऱ्या, संशयी माणसाचे कलश सत्तर वर्षं जागच्या जागी सांभाळले. उशीर झाला तो आपल्याकडून. ज्याच्या घरात सावरकर राहिले त्याला आम्ही मराठी माणसंही क्रॉमवेल अव्हेन्यूच्या पायरीवर उभे राहून विसरतच होतो की!

परतताना मी म्हटलं, "श्यामजींच्या स्मरणार्थ दोन थांबे तरी चालत जाऊ या." ही म्हणाली, "त्यांचे सांतीम वाचत होते. आपला पास फुकट आहे. तुमच्या गुडघ्यांनी चाललात तर वाचणार काय?" ट्राम आली, आम्ही बसलो. संध्याकाळी पाच मिनिटं ढग फाटले. माँ ब्लाँ काही दिसला नाही.

लंडनला परत आल्यावर तो रकाना आम्ही भरला. काय लिहिलं ते मुलांना समोर बसवून सांगितलं आहे, अंकात छापायची गरज नाही. तुमचाही कोरा असेल तर भरून टाका, आणि मुलांना सांगा. जिनिव्हाला गेलात तर बोटीत जरूर बसा. पण पाऊस असला तर वाईट वाटून घेऊ नका. पास फुकट असतो, ट्राम सेंट जॉर्जेसच्या बाजूला जाते. छत्री मात्र चांगली न्या.